दोन वर्षांची विज्ञान पदवी : ‘इंटर सायन्स’पासून नव्या शैक्षणिक धोरणातील पदविकेपर्यंत
(विशेष संदर्भ : नंदुरबार जिल्हा)

प्रस्तावना

महाराष्ट्रात विज्ञान शाखेची पदवी तीन वर्षांची असते, हे गेल्या दोन पिढ्यांच्या अंगवळणी पडले आहे. पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर महाविद्यालय सोडणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती या व्यवस्थेने गुणपत्रकांखेरीज काहीच दिले नाही. दोन वर्षे प्रयोगशाळेत घालवूनही नोकरीच्या अर्जात त्याला ‘बारावी उत्तीर्ण’ एवढेच लिहावे लागे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने या रचनेत बदल केला. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चार वर्षांनंतर ऑनर्स पदवी अशी बहुनिर्गमनाची सोय आता उपलब्ध आहे. यातील दोन वर्षांची पदविका अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजात मिळणाऱ्या ‘असोसिएट’ पदवीशी मिळतीजुळती आहे.

ही कल्पना अनेकदा परदेशातून आलेली नवी गोष्ट म्हणून मांडली जाते. वस्तुतः दोन वर्षांचा सामान्य विज्ञानाचा स्वतंत्र टप्पा महाराष्ट्राने दीर्घकाळ अनुभवला आहे. त्याचे नाव ‘इंटर सायन्स’. तो टप्पा का निर्माण झाला, त्याला मान का होता आणि तो का नाहीसा झाला, हे समजून घेतल्याशिवाय नव्या पदविकेची आखणी करणे धोक्याचे ठरेल. नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यात या प्रश्नाला अधिक धार येते, कारण येथील विद्यार्थ्याला शिक्षण मध्येच थांबवावे लागण्याची शक्यता इतरत्रापेक्षा अधिक असते.

लेखाची उद्दिष्टे

१) दोन वर्षांच्या विज्ञान अभ्यासक्रमाची ऐतिहासिक वाटचाल पाहणे.
२) ‘इंटर सायन्स’च्या प्रतिष्ठेची व अस्ताची कारणे शोधणे.
३) नंदुरबार जिल्ह्यात अशा अभ्यासक्रमाची आखणी करताना या इतिहासातून मिळणारे बोध मांडणे.

‘असोसिएट’ या संकल्पनेचा उगम

‘असोसिएट’ ही अर्हता मूळची अमेरिकेची नव्हे. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे १८७१ मध्ये डरहॅम विद्यापीठाशी संलग्न असे भौतिक विज्ञानाचे महाविद्यालय स्थापन झाले. कोळसा खाणी, रसायन कारखाने आणि जहाजबांधणी यांच्या या परिसराला विज्ञान जाणणाऱ्या तरुणांची गरज होती. तेथे दोन वर्षांच्या अभ्यासानंतर भौतिक विज्ञानातील ‘असोसिएट’ ही अर्हता दिली जाई. अर्थात या अर्हतेच्या जन्माच्या वेळीच तिचा विषय विज्ञान होता आणि तिचा संबंध स्थानिक उद्योगाशी होता.

अमेरिकेत हा विचार वेगळ्या कारणाने रुजला. शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी चार वर्षांच्या पदवीचे दोन भाग केले आणि पहिल्या दोन वर्षांना ‘ज्युनियर कॉलेज’ म्हटले. ज्याला पुढे संशोधनाकडे जायचे नाही, त्याला दोन वर्षांनंतर सन्मानाने बाहेर पडता यावे, हा त्यामागील एक हेतू होता. १९०१ मध्ये इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे सुरू झालेले ज्युनियर कॉलेज या परंपरेतील आद्य सार्वजनिक संस्था मानले जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ मध्ये ट्रूमन आयोगाने ‘कम्युनिटी कॉलेज’ हा शब्द सर्वतोमुखी केला.

येथे एक बाब नोंदवणे आवश्यक आहे. दोन वर्षे पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याला वरच्या विद्यापीठाने थेट तिसऱ्या वर्षात घ्यावे, ही गोष्ट अमेरिकेतही आपोआप घडली नाही. कॅलिफोर्नियाने १९६० च्या बृहद् आराखड्यात कम्युनिटी कॉलेजांना विद्यापीठांशी जोडले. तरीही हस्तांतरणासाठीची विशेष असोसिएट पदवी निर्माण करण्याकरिता त्या राज्याला २०१० मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. टप्पा निर्माण करणे सोपे असते, त्या टप्प्याला दोन्ही बाजूंनी मान्यता मिळवून देणे कठीण असते, हा या इतिहासाचा पहिला धडा होय.

मुंबई इलाख्यातील ‘इंटर सायन्स’

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली. १८८० च्या सुमारास या विद्यापीठाने विज्ञानाची स्वतंत्र पदवी सुरू केली. पुढे मॅट्रिकनंतर दोन वर्षांची इंटरमीजिएट परीक्षा आणि त्यानंतर दोन वर्षांची बी.एस्सी. अशी रचना स्थिर झाली. एफ. वाय., इंटर, ज्युनियर आणि सीनियर ही वर्षांची नावे जुन्या पिढीच्या बोलण्यात अद्याप आढळतात.

इंटर सायन्सचे वैशिष्ट्य असे की, ती परीक्षा एकाच वेळी शेवटही होती आणि सुरुवातही. वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांचे प्रवेश इंटर सायन्सच्या गुणांवर होत. ज्याला बी.एस्सी. व्हायचे असे तो त्याच महाविद्यालयात पुढे शिकत राही. ज्याला घरच्या परिस्थितीमुळे थांबावे लागे, तो ‘इंटर पास’ म्हणून ओळखला जाई. मॅट्रिक आणि पदवीधर यांच्यामधील ही पायरी नोकरी देणाऱ्यांना परिचित होती. थोडक्यात, इंटरला समाजात नाव होते, नोकरीच्या जाहिरातीत जागा होती आणि वरच्या अभ्यासक्रमात प्रवेश होता. या तीन गोष्टींवर तिची प्रतिष्ठा उभी होती.

मात्र ही प्रतिष्ठा सर्वांच्या आवाक्यातील नव्हती. १९०६ मध्ये खानदेशाचे विभाजन होऊन आजचा नंदुरबार परिसर पश्चिम खानदेश जिल्ह्यात समाविष्ट झाला. खानदेशातील जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय आणि अमळनेरचे प्रताप महाविद्यालय ही दोन्ही १९४५ च्या सुमाराची, आणि दोन्ही पूर्व खानदेशातील. मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेपासून त्या वेळपर्यंत जवळपास नव्वद वर्षे लोटली होती. मैदानी भागातील सधन शेतकऱ्याच्या किंवा व्यापाऱ्याच्या मुलाला मुंबई-पुण्याची वाट धरणे शक्य होते. सातपुड्यातील भिल्ल किंवा पावरा कुटुंबाला मात्र प्राथमिक शाळाच दूर होती, तेथे इंटर सायन्सचा विचार कोठून येणार? ज्या काळात दोन वर्षांची विज्ञान अर्हता खऱ्या अर्थाने मौल्यवान होती, त्या काळात ती या परिसरापर्यंत जवळजवळ पोहोचलीच नाही.

आयोगांची भूमिका आणि १९७५ चा बदल

इंटरमीजिएट हा टप्पा विद्यापीठाचा की शाळेचा, हा वाद जुना आहे. कलकत्ता विद्यापीठ आयोगाने (१९१७-१९१९) तो विद्यापीठातून वेगळा काढण्याची शिफारस केली. संयुक्त प्रांताने १९२१ मध्ये हायस्कूल व इंटरमीजिएट शिक्षणाचे मंडळ स्थापन करून ती अमलात आणली. आजही उत्तर प्रदेशात बारावीला ‘इंटर’ म्हणतात, ते यामुळे. मुंबई इलाख्यात मात्र इंटर विद्यापीठाकडेच राहिले.

स्वातंत्र्यानंतर राधाकृष्णन आयोगाने (१९४८-४९) बारा वर्षांच्या शालेय शिक्षणानंतर विद्यापीठ प्रवेश आणि तीन वर्षांची पदवी यांचा पुरस्कार केला. सर्वच विद्यार्थी विद्यापीठाकडे लोटले जाऊ नयेत म्हणून व्यवसायाभिमुख संस्थाही काढाव्यात, असे या आयोगाने सुचवले होते. मुदलियार आयोगाने (१९५२-५३) अकरा वर्षांची उच्च माध्यमिक शाळा सुचवली. अखेर कोठारी आयोगाने (१९६४-६६) १०+२+३ हा आकृतिबंध मांडला. आयोगाचे अध्यक्ष डॉ. दौ. सिं. कोठारी हे स्वतः भौतिकशास्त्रज्ञ होते. ‘+२’ हा टप्पा केवळ पदवीची पूर्वतयारी ठरू नये, त्यातील सुमारे निम्म्या विद्यार्थ्यांनी व्यवसाय शिक्षण घ्यावे, अशी आयोगाची अपेक्षा होती.

महाराष्ट्रात १९७५ मध्ये हा आकृतिबंध लागू झाला आणि १९७७ मध्ये बारावीची पहिली परीक्षा झाली. अकरावी-बारावीचे वर्ग बहुतेक ठिकाणी वरिष्ठ महाविद्यालयांच्याच इमारतीत ‘कनिष्ठ महाविद्यालय’ म्हणून भरू लागले. प्रयोगशाळा त्याच राहिल्या आणि पुष्कळ अंशी अध्यापकही तेच राहिले. परीक्षा मात्र विद्यापीठाकडून राज्य मंडळाकडे गेली. व्यवसाय शिक्षणाची अपेक्षा मागे पडली. किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम १९८८-८९ मध्ये सुरू झाले, परंतु विज्ञान शाखेची बारावी ही प्रामुख्याने वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशाचे दार म्हणूनच ओळखली गेली.

या बदलाचा एक परिणाम फारसा चर्चिला गेलेला नाही. इंटर सायन्सची प्रवेशद्वार ही भूमिका बारावीने घेतली. परंतु ‘येथेही सन्मानाने थांबता येते’ ही दुसरी भूमिका कोणीच घेतली नाही. बारावीनंतर महाविद्यालयात घालवलेली एक-दोन वर्षे पदवी मिळाली तरच मोजली जाऊ लागली. मधली पायरी नाहीशी झाली आणि जिना अधिक उंच झाला.

भारतातील कम्युनिटी कॉलेजांचा प्रयोग

ही पोकळी भरण्याचे प्रयत्न नंतरच्या काळात झाले. पाँडिचेरी विद्यापीठाने १९९५ मध्ये आणि चेन्नईत एका ख्रिस्ती धर्मप्रांताने १९९६ मध्ये कम्युनिटी कॉलेज सुरू केले. शाळा सोडलेल्या तरुणांना जीवनकौशल्ये आणि रोजगार कौशल्ये द्यावीत, हा चेन्नईतील प्रयोगाचा गाभा होता. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने २००९ मध्ये कम्युनिटी कॉलेजांची योजना आणली आणि तिच्यात दोन वर्षांच्या ‘असोसिएट डिग्री’चीही तरतूद केली. ही योजना फार काळ टिकली नाही. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने बाराव्या पंचवार्षिक योजनेत महाविद्यालयांना जोडून कम्युनिटी कॉलेज योजना राबवली. डिसेंबर २०१३ मध्ये राष्ट्रीय कौशल्य अर्हता आराखडा अधिसूचित झाला आणि २०१४ पासून बी. व्होक. ही पदवी रूढ होऊ लागली.

या सर्व प्रयोगांत एक समान धागा दिसतो. त्यांनी कौशल्याला महत्त्व दिले, पण सामान्य विज्ञान त्यांच्या कक्षेबाहेर राहिले. एका बाजूला पुढे नेणारे पण मध्ये थांबू न देणारे विज्ञान शिक्षण, दुसऱ्या बाजूला लवकर रोजगार देऊ पाहणारे पण पुढच्या पदवीशी क्वचितच जोडलेले कौशल्य शिक्षण, अशी विभागणी पक्की झाली. इंटर सायन्सने जे एकत्र धरले होते, ते येथे दुभंगले.

नवे धोरण आणि पदविकेचे स्थान

जुलै २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने शैक्षणिक श्रेयांक पेढीचे विनियम प्रसिद्ध केले. डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमाचा नवा आराखडा आला. महाराष्ट्र शासनाच्या एप्रिल २०२३ च्या निर्णयानुसार प्रमाणपत्रासाठी ४० ते ४४, पदविकेसाठी ८० ते ८८, तीन वर्षांच्या पदवीसाठी १२० ते १३२ श्रेयांक निश्चित झाले. बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याने ४ श्रेयांकांचा अतिरिक्त कौशल्य अभ्यासक्रम किंवा आंतरवासिता पूर्ण करावयाची असते. बाहेर पडलेला विद्यार्थी तीन वर्षांच्या आत परत येऊ शकतो आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करू शकतो.

इंटर सायन्सच्या प्रतिष्ठेचे तीन आधार येथे कसोटी म्हणून लावून पाहावेत. वरच्या अभ्यासक्रमात प्रवेश हा आधार नव्या पदविकेला मिळाला आहे आणि तो पूर्वीपेक्षा भक्कम आहे, कारण श्रेयांक पेढीत जमा राहतात. दुसरा आधार समाजातील नावाचा. येथे अडचण सुरू होते. ‘पदविका’ म्हटल्यावर महाराष्ट्रात दहावीनंतरची तंत्रनिकेतनाची तीन वर्षांची पदविका डोळ्यांपुढे येते. सामान्य विज्ञानाची पदविका म्हणजे काय, हे पालकाला आणि नियोक्त्याला समजावून सांगावे लागते. तिसरा आधार नोकरीच्या जाहिरातीतील जागेचा. भरतीचे नियम सर्वसाधारणपणे दहावी, बारावी, पदवी किंवा विशिष्ट तांत्रिक अर्हता या पायऱ्यांवर लिहिलेले असतात. सामान्य विज्ञानाच्या दोन वर्षांना त्यांत वेगळी ओळ नाही. ही ओळ मिळत नाही तोवर पदविका हे शिक्षण सोडल्याच्या पावतीपेक्षा अधिक काही ठरणार नाही, ही भीती अनाठायी नाही.

नंदुरबार जिल्ह्याची पार्श्वभूमी

धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी असे त्याचे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ४८ हजारांच्या घरात असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. साक्षरतेचे प्रमाण सुमारे ६४ टक्के, म्हणजे त्या गणनेत राज्यात सर्वांत कमी होते. २०१८ मध्ये केंद्र शासनाने निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांत नंदुरबारचा समावेश झाला.

उच्च शिक्षणाच्या दृष्टीने हा परिसर प्रथम मुंबई, नंतर १९४९ मध्ये स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाशी जोडलेला होता. १९९० मध्ये जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. २०१८ पासून ते कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने ओळखले जाते. नंदुरबार, शहादा येथील जुन्या शिक्षण संस्थांनी विज्ञान शाखा उभारल्या आणि कालांतराने सातपुड्याच्या आत धडगावपर्यंत विज्ञान महाविद्यालय पोहोचले. संस्थेचे अंतर कमी झाले, पण विद्यार्थ्यापुढील इतर अंतरे कायम आहेत. आश्रमशाळेत मराठीतून शिकलेला आणि घरी भिली, पावरी किंवा मावची बोलणारा विद्यार्थी प्रथम वर्षाला इंग्रजी पाठ्यपुस्तकाला सामोरा जातो. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत स्थलांतर करतात. अशा कुटुंबातील मुलाने किंवा मुलीने वर्ष सोडले, तर त्याला बुद्धीचा दोष म्हणणे अन्यायाचे होईल.

विज्ञान जाणणाऱ्या माणसांची येथे उणीव आहे, याचे ठळक उदाहरण फेब्रुवारी २००६ मध्ये दिसले. भारतातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक नवापूर येथील कुक्कुटपालन केंद्रांत झाला आणि नमुन्यांची निश्चिती भोपाळच्या अतिसुरक्षित प्रयोगशाळेत झाली. २०२१ मध्ये नवापूरला पुन्हा हाच अनुभव आला. असे निदान उच्च प्रयोगशाळेतच व्हावयास हवे, याविषयी दुमत नाही. परंतु जैवसुरक्षा पाळणे, नमुना योग्य रीतीने घेणे, नोंदी ठेवणे, लोकांना त्यांच्या भाषेत समजावणे ही कामे जागेवरच्याच माणसांची असतात. सिकलसेलचेही तसेच आहे. हा आनुवंशिक विकार सातपुड्यातील आदिवासी समाजात आढळतो. त्याची प्राथमिक चाळणी विद्राव्यता चाचणीने होते आणि निश्चिती इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एच.पी.एल.सी. पद्धतीने. जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले आहे. रक्तगट, अनुवंश आणि संभाव्यता यांचे मूलभूत ज्ञान असलेला गावातील तरुण येथे मोठा आधार ठरू शकतो. मिरचीच्या व्यापारातील ओलावा व बुरशीची तपासणी, माती व पाण्याचे परीक्षण ही याच वर्गातील कामे होत.

आखणीविषयी काही विचार

अभ्यासक्रमाचा सांगाडा विद्यापीठाने ठरवलेला असला, तरी व्यावसायिक कौशल्य, कौशल्यवृद्धी, खुले ऐच्छिक विषय, क्षेत्र प्रकल्प आणि सामुदायिक सहभाग या शीर्षांखाली महाविद्यालयाला वाव आहे. तेथे पुढील बाबींचा विचार व्हावा.

१) पहिली दोन वर्षे स्वयंपूर्ण असावीत. तिसऱ्या वर्षी उपयोगी पडेल म्हणून शिकवलेला घटक, एवढ्याने भागणार नाही. दोन वर्षांनंतर विद्यार्थ्याला द्रावण तयार करणे, सूक्ष्मदर्शक हाताळणे, मोजमापातील त्रुटी ओळखणे आणि नोंदवही ठेवणे स्वतंत्रपणे यावे.

२) निर्गमनाचे ४ श्रेयांक कागदोपत्री राहू नयेत. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला ३० तास धरले, तर ही १२० तासांची जबाबदारी आहे. रोज ६ तास काम केले तरी २० दिवस लागतात. धडगावच्या विद्यार्थ्याने हे दिवस कोठे राहून, कोणाच्या खर्चाने काढावेत, याचे उत्तर प्रवेशाच्या वेळीच तयार हवे. कृषी विज्ञान केंद्र, २०२० मध्ये सुरू झालेले नंदुरबारचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि आदिवासी विकास प्रकल्प कार्यालये यांच्याशी विद्यापीठाच्या पातळीवर बोलणी व्हावीत.

३) खोटी आश्वासने देऊ नयेत. सामान्य विज्ञानाच्या पदविकेने कोणी वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञ होत नाही. ते क्षेत्र २०२१ च्या स्वतंत्र कायद्याच्या कक्षेत आले आहे. खते-कीटकनाशकांच्या विक्री परवान्यासाठीही ठरावीक पदवी किंवा विशिष्ट अभ्यासक्रम लागतो. माहितीपत्रकात या मर्यादा स्पष्ट लिहाव्यात.

४) परतीची वाट खुली ठेवावी. सात वर्षांची मुदत स्थलांतर करणाऱ्या कुटुंबासाठी खरोखर उपयुक्त आहे. पण बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याशी महाविद्यालयाचा संपर्क राहिला नाही, तर ती मुदत त्याच्या नकळत संपून जाईल. प्रत्येक निर्गमित विद्यार्थ्याची नोंद ठेवून त्याला पुनःप्रवेशाची आठवण देणे हे एका अध्यापकाकडे सोपवलेले काम असावे.

५) धोक्याची जाणीव असावी. बहुनिर्गमनाची सोय दुर्बल विद्यार्थ्याला लवकर बाहेर काढण्याचा मार्ग होऊ शकते. शहरातील विद्यार्थी ऑनर्सपर्यंत आणि सातपुड्यातील विद्यार्थी पदविकेपर्यंत, अशी वाटणी झाली तर विषमतेला श्रेयांकांचे रूप मिळेल. म्हणून किती जणांनी पदविका घेतली यापेक्षा त्यांतील किती जण परतले, हा यशाचा निकष मानावा.

निष्कर्ष

दोन वर्षांच्या विज्ञान अर्हतेचा इतिहास पाहता असे दिसते की, तिचे मूल्य अभ्यासक्रमाच्या दर्जावर जितके अवलंबून होते, तितकेच तिला मिळालेल्या मान्यतेवरही होते. न्यूकॅसलला स्थानिक उद्योग होता, कॅलिफोर्नियाने कायदा केला, मुंबई इलाख्यात इंटर सायन्सला प्रवेश आणि नोकरी या दोन्ही दारांवर किंमत होती. १९७५ नंतर महाराष्ट्राने ही पायरी गमावली आणि कम्युनिटी कॉलेजांच्या प्रयोगांतून ती परत मिळाली नाही. २०२० च्या धोरणाने ती कागदावर पुन्हा आणली आहे.

नंदुरबार जिल्ह्याच्या वाट्याला जुनी पायरी आली नव्हती. नवी पायरी त्याच्या वाट्याला वेळेवर आली आहे. शासनाने भरती नियमांत या पदविकेला स्थान द्यावे, विद्यापीठाने निर्गमन अभ्यासक्रमाला ठोस आशय द्यावा आणि महाविद्यालयांनी गेलेल्या विद्यार्थ्याचे नाव पटावरून पुसले तरी नोंदीतून पुसू नये. यातील पहिल्या दोन गोष्टींसाठी पाठपुरावा करावा लागेल. तिसरी गोष्ट मात्र येत्या शैक्षणिक वर्षापासून आपल्याच हातात आहे.